एकाच होडीत दोघे : वल्हवण्याचा व्यायाम

"डॉक्टर, चालायला सोडून बाकी काय सांगाल ते करतो."

काटेवाडीचे एक बागायतदार दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसून असे म्हणाले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आपणही तेच म्हणू. वय ५२, वजन ८८ किलो, सहा वर्षांचा मधुमेह. उसाला पाणी द्यायला पूर्वी बांधाबांधाने फिरावे लागे. आता ठिबक आहे, मोटार मोबाईलवरून चालू होते, त्यामुळे फिरणे संपले. सोबत वहिनी होत्या. वय ४७, रक्तदाबाची गोळी चालू, उजवा गुडघा धरलेला. दोन्ही मुले पुण्याला नोकरीला. वहिनी म्हणाल्या, "हे टीव्हीपुढे, मी ओट्यापुढे. दिवसभरात आमचं बोलणं काय, तर 'गोळी घेतली का?'"

मी नेहमीप्रमाणे रोज पाऊण तास चालायला सांगितले. दोघे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी वहिनींचा गुडघा सुजला, आणि एकट्याने चालायचा कंटाळा म्हणून तात्याही थांबले. चूक माझीच होती. गुडघा न तपासता सरसकट सल्ला दिला होता.

त्या दिवाळीत मुलगा त्यांना कोकणात घेऊन गेला. तिथे खाडीत दोघांना एका लांबट प्लास्टिकच्या होडीत बसवले, हातात एकेक वल्हे दिले. अर्धा तास वल्हवले, भांडले, भिजले आणि हसले. परत आल्यावर तात्यांनी विचारले, "डॉक्टर, हा व्यायाम धरतात का?" मी आधी हसलो. मग वाचन केले, माहीतगारांना विचारले. त्याचा सार आजच्या लेखात देत आहे. उजनीचे एवढे मोठे पाणी ज्यांच्या उशाशी आहे, त्या बारामती-इंदापूरच्या वाचकांनी हा विषय नीट समजून घेणे जरुरीचे आहे. फायद्यासाठी तर आहेच, पण त्याहून अधिक धोके टाळण्यासाठी.

ही होडी म्हणजे काय?

या होडीला कयाक म्हणतात. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून शिकारीसाठी ही अरुंद, हलकी होडी बनवली. तिचे वल्हे दोन्ही टोकांना चपटे असते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मागे सारायचे. बसणाऱ्याचे तोंड पुढे असते. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचा, विहिरी खोदण्याचे काम केलेला आणि पुढे सैन्यात गेलेला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात उतरला व १३ वा आला, तो नौकानयनाचा प्रकार वेगळा. त्यात खेळाडू पाठमोरा बसतो आणि होडी त्याच्या पाठीच्या दिशेने जाते. कयाक शिकायला त्यापेक्षा सोपी.

आपल्यालाही हे अगदीच परके नाही. महापुरात गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडल्याच्या गोष्टी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ भागातील मच्छीमार रोज पहाटे वल्हे मारतातच. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून नदीच्या पाण्यात मुलांना वल्हवायला शिकवतो आहे. फरक इतकाच, की आपण पाण्याकडे पोटासाठी गेलो, छंदासाठी क्वचित.

हौसेसाठी वापरल्या जाणाऱ्या कयाक तीन प्रकारच्या असतात. पहिली बंद, जिच्यात पाय आत घालून बसतात. दुसरी उघडी, जिच्या वर बसतात. तिसरी हवा भरायची. नवशिक्यांनी, विशेषतः चाळिशीपुढच्यांनी, उघडी निवडावी. ती रुंद असते, सहसा उलटत नाही, आणि उलटली तरी माणूस तिच्यात अडकत नाही.

शरीरात काय घडते?

वल्हवणे म्हणजे हाताचा व्यायाम, असा समज आहे. तो अर्धवट आहे. नीट वल्हवणारा माणूस दंडाने कमी आणि कमरेपासून वरच्या धडाच्या पिळाने अधिक ओढतो. उजवीकडे वल्हे बुडवताना उजवा खांदा पुढे जातो, उजवा पाय होडीतल्या टेकूवर दाबला जातो, आणि मग धड फिरवून पाणी मागे सारले जाते. म्हणजे पाठ, पोट, खांदे, दंड आणि मांड्या हे सर्व स्नायू आळीपाळीने काम करतात. ताक घुसळताना रवीची दोरी ओढणारी आजी आठवा. एक हात पुढे, एक मागे, आणि कंबर लयीत. त्यातलेच हे.

मध्यम गतीने तासभर वल्हवले, तर साधारण ७० किलो वजनाच्या माणसाचे तीनशे ते साडेतीनशे उष्मांक खर्च होतात. म्हणजे जलद चालण्याइतका किंवा त्याहून किंचित अधिक व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे. वल्हवण्यात दम आणि बळ या दोन्हींचा थोडा थोडा वाटा आहे.

मधुमेह्यांना याचा विशेष उपयोग आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्याचा परिणाम व्यायाम संपल्यावरही काही तास टिकतो. जितके जास्त स्नायू कामाला लागतील, तितके बरे. गुडघेदुखीच्या रुग्णांना दुसरा फायदा असा, की शरीराचा भार गुडघ्यावर येत नाही. वहिनींना चालणे जमत नव्हते, वल्हवणे जमले, ते यामुळेच.

मात्र ही जादू नव्हे. आठवड्यातून एक-दोनदा तास-दीड तास वल्हवून पंधरवड्यात वजन उतरेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. इतर दिवशी घरचा व्यायाम, जेवणाचे पथ्य आणि गोळ्या चालूच ठेवायच्या.

जोडीनेच का?

इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ३,७२२ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोघेही बसून राहणारे असताना एकाने व्यायाम सुरू केला, तर सुमारे दोन तृतीयांश घरांत दुसऱ्यानेही तो सुरू केला. जोडीदार बसूनच राहिला, तर मात्र जेमतेम एक चतुर्थांश माणसे स्वतःहून उठली. सिगारेट सोडणे व वजन उतरवणे यांबाबतही असाच कल दिसला. सवयी घराला लागतात, एकट्या माणसाला नव्हे, असा याचा अर्थ.

हे आपल्याला नवे नाही. दर आषाढीला तुकोबारायांची पालखी काटेवाडीत येते, परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते. त्या दिंड्यांत जोडीने चालणारी साठी-सत्तरीची माणसे आपण दरवर्षी पाहतो. एकटा माणूस चौथ्या मुक्कामाला कंटाळून परतला असता. जोडीने गेलेला पंढरपूरला पोहोचतो.

मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. २०१५ मध्ये त्यांनी मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रातून कयाक वल्हवत एकट्याने कापले. त्यानंतर गुजरातच्या किनाऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरची मोहीम केली, तेव्हा त्यांची सहचरी शांजली शाही किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर सोबत होती. एक पाण्यावर, एक जमिनीवर. जोडीने छंद करायचा म्हणजे दोघांनी अगदी एकच गोष्ट केली पाहिजे असे नाही, हे यातून घेण्यासारखे. एखाद्या वाचक भगिनीला पाण्याची भीती असेल, तर तिने काठाने चालावे आणि नवऱ्यावर नजर ठेवावी. तोही व्यायामच, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मोलाचा.

पुढे कोण, मागे कोण?

दोघांच्या कयाकला इंग्रजी मुलखात गमतीने 'घटस्फोटाची होडी' म्हणतात. कारण उघड आहे. दोघांची वल्ही एकमेकांवर आपटतात, होडी गोल फिरते, आणि प्रत्येकाला वाटते की चूक दुसऱ्याची. तात्यांचा पहिला महिना "अगं उजवीकडे! उजवीकडे म्हणजे तुझ्या उजवीकडे!" असे ओरडण्यात गेला. वहिनी एकदा वल्हे मांडीवर ठेवून गप्प बसल्या आणि होडी वाऱ्याने बाभळीत जाऊन अडकली.

नियम साधा आहे. हलके माणूस पुढे, वजनदार माणूस मागे. पुढच्याने लय ठरवायची. मागच्याला पुढच्याचे वल्हे दिसते, पुढच्याला मागचे दिसत नाही. म्हणून जुळवून घेण्याची जबाबदारी मागच्याची. दिशा देण्याचे कामही मागच्याचे, पण ते वल्ह्याने करायचे, तोंडाने नव्हे. पुढच्याने हळू आवाजात "डावं, उजवं" असे मोजावे. थकला तर पुढच्याने सांगावे, आणि मागच्याने लगेच थांबावे.

आता बहुतेक घरांत पुढे बायको बसेल. म्हणजे लय तिची आणि जुळवून घेणे नवऱ्याचे. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात उलटा शिरस्ता पडलेल्या घरांना हे थोडे जड जाते. तात्या मला म्हणाले, "डॉक्टर, ती किती दमते हे मला होडीत कळलं. घरात कधी कळलं नव्हतं." यावर मी जास्त काही लिहीत नाही.

आधी पोहणे, मग होडी

मी दोघांना पहिली अट घातली ती पोहण्याची. तात्या लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलेले. वहिनींना पोहता येत नव्हते. त्यांच्या माहेरी, त्या दहा वर्षांच्या असताना, धुणे धुवायला गेलेली शेजारची मुलगी पाय घसरून बुडाली होती. त्या दिवसापासून गुडघ्याच्या वर पाण्यात त्या गेल्या नव्हत्या. कोकणात होडीत बसल्या त्या मुलाचा हात धरून, आणि जाकीट अंगात होते म्हणून.

"या वयात मी पोहायला शिकू? लोक काय म्हणतील?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "वहिनी, लोक पोहत येऊन तुम्हाला बाहेर काढणार असतील तर शिकू नका." तालुक्याच्या ठिकाणी महिलांच्या वेळेत, महिला शिक्षिकेकडे, त्या अडीच महिने गेल्या. पहिले आठ दिवस नुसते काठ धरून तोंड पाण्यात घालायचे. पंधराव्या दिवशी पाठीवर तरंगल्या. आज त्या संथ गतीने पन्नास मीटर पोहतात. तेवढे पुरे. होडीसाठी वेगाने पोहणे लागत नाही. पाण्यात पडल्यावर न घाबरता पाठीवर तरंगता यावे, एवढे मात्र आलेच पाहिजे.

पोहता येते म्हणून जाकीट नको, असे समजू नये. पट्टीचे पोहणारेही डोक्याला मार बसला, पोटरीत गोळा आला किंवा वाऱ्याने काठापासून दूर नेले, की बुडतात. जाकीट आपल्या मापाचे घ्या. सर्व पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने ते खांद्याजवळ धरून वर ओढावे. हनुवटीच्या वर सरकले तर ढिले आहे. होडीत जाकीट उशीखाली किंवा पायाशी ठेवणे म्हणजे न ठेवणे. अंगात घातलेलेच जाकीट उपयोगी पडते.

भगिनींनी साडी नेसून कयाकमध्ये बसू नये. पदर व निऱ्या पाण्यात पायांना गुंडाळतात. ट्रॅक पँट व पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टोपी, पायात मागे पट्टा असलेली रबरी चप्पल किंवा बूट, असा पोशाख करावा. जड बूट आणि गमबूट नकोत.

आपले पाणी ओळखा

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या काठाने दूरवर पसरला आहे. पाणी दिसायला तळ्यासारखे शांत, पण ते तळे नव्हे. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहाजण बुडाले. एकजण पोहून काठाला आला. अनेक वाचकांना तो दिवस आठवत असेल. त्या घटनेतून प्रत्येकाने काही गोष्टी कायमच्या गाठीला बांधाव्यात.

पहिली गोष्ट ऋतू. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे वारे कोणतीही सूचना न देता सुटतात. विस्तीर्ण पाण्यावर अडोसा नसल्याने काही मिनिटांत लाटा उठतात. त्या दिवसांत पाण्यात जाऊच नये, आणि गेलात तर सकाळी नऊच्या आत काठाला यावे. पावसाळ्यात धरणात पाणी चढत असताना व विसर्ग चालू असताना पूर्ण बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. त्यातही सूर्योदयानंतरचे दोन तास.

दुसरी गोष्ट अंतर. काठापासून पन्नास मीटरच्या आत, काठाला समांतर वल्हवावे. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतताना वारा मदतीला येतो. उलट केले, तर येताना दम निघतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की त्याच क्षणी बाहेर.

तिसरी गोष्ट पाण्याखालचे. काठालगत शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप आणि विजेच्या केबली असतात. त्यांच्या जवळूनही जाऊ नये. केबलचे वेष्टण कुठे फाटले असेल हे दिसत नाही. पाणी उतरले की बुडालेल्या गावांच्या भिंती व झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. उन्हाळ्यात पळसदेवला जुने पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर डोकावते, ते पाहायला गर्दी होते. पण त्या भागातला गाळ कंबरेएवढा असू शकतो. गाळात उतरून होडी ढकलू नये. मच्छीमारांच्या जाळ्यांना वल्हे लावू नये. ते त्यांचे पोट आहे. हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या थव्यामागे होडी दामटू नये.

चौथी गोष्ट पाण्याची शुद्धता. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून या जलाशयात येते. हे पाणी तोंडात जाऊ देऊ नये. अंगावर जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबावे. घरी आल्यावर साबणाने आंघोळ करावी, कान कोरडे करावेत. हिरवा तवंग किंवा दाट जलपर्णी असेल तेथे जाऊ नये. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, डोके व पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचे आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यामुळे वेळेवर येते.

कालवा आणि शेततळे ही होडीची जागा नव्हे, हे स्वतंत्रपणे सांगतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी संथ दिसले तरी त्याला ओढ असते, आणि पुढे दरवाजे व मोऱ्या असतात. शेततळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरते. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही. ज्यांच्या शेतात शेततळे आहे त्यांनी आजच चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडावेत आणि एक हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवावी. होडी घ्या किंवा घेऊ नका, हे काम मात्र करा.

जलाशय सरकारी आहे. तेथे होडी घालण्यापूर्वी पाटबंधारे कार्यालयात चौकशी करून परवानगी घ्यावी. तात्यांनी ती काढली. इंदापूर तालुक्यातल्या पाहुण्यांच्या गावी ते जातात आणि ओळखीचा एक मच्छीमार त्याची होडी घेऊन आसपास असतो.

कोणी वल्हवू नये?

अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला, रक्तदाब आटोक्यात नसलेला, फिट येणारा, चक्कर येणारा, डोळ्याची किंवा पोटाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेला, खांदा जखडलेला, अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय होडीत बसू नये. गरोदर भगिनींनीही विचारूनच. कंबरदुखीच्या रुग्णांनी वीस मिनिटांपेक्षा जास्त एका बैठकीत बसू नये.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यांनी उपाशीपोटी पाण्यावर जाऊ नये. निघण्यापूर्वी अर्धी भाकरी व दूध घ्यावे. खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत, ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात तोतरेपणा ही साखर उतरल्याची लक्षणे जोडीदारालाही ठाऊक हवीत. जमिनीवर साखर उतरली तर माणूस खाली बसतो, पाण्यावर उतरली तर होडीबाहेर जातो. पायाची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी काठावर उतरू नये. शिंपले व तारा लागलेल्या कळत नाहीत. दारू प्यालेल्या माणसाला होडीत घेऊ नये, मग तो घरचा असला तरी.

होडी उलटली तर

हा सराव पहिल्याच दिवशी, कंबरभर पाण्यात, मुद्दाम होडी उलटवून करावा. नियम एकच, होडी सोडायची नाही. उलटलेली होडीही तरंगते आणि दुरून दिसते. पोहत काठ गाठायचा मोह टाळावा. आधी एकमेकांना हाक मारावी. मग दोघांनी मिळून होडी सरळ करावी. एकाने एका बाजूने ती दाबून धरावी, दुसऱ्याने समोरच्या बाजूने पाय झाडत पोटावर वर चढावे, मग वळून बसावे. त्यानंतर आतल्याने विरुद्ध बाजूला तोल धरून दुसऱ्याला घ्यावे. वहिनी पहिल्या, तात्या नंतर, असा या दोघांचा क्रम ठरलेला आहे.

बुडालेल्यास प्रथमोपचार

माझ्या उमेदीच्या काळात विहिरीतून काढलेला एक सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. काठावर लोकांनी त्याला पाय धरून उलटा लटकवले, खांद्यावर घेऊन गोल फिरवले, पोट दाबून पाणी काढले. यात पंधरा मिनिटे गेली. सगळे त्याच्या जिव्हाळ्याचेच होते. श्वास मात्र कोणी दिला नाही. मी काही करू शकलो नाही. तेव्हापासून जेथे संधी मिळेल तेथे मी हे सांगत आलो आहे.

बुडालेल्याला पाण्याची नव्हे, हवेची गरज असते. पोटातले पाणी काढण्यात वेळ घालवू नका. स्वतः उडी मारण्याआधी दोर, बांबू, ट्यूब फेका. बाहेर काढल्यावर सपाट जागी उताणे झोपवा. हाक मारून, खांदा हलवून पाहा. श्वास चालू नसेल, तर डोके मागे व हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून, तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. छाती वर येते का पाहा. मग छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा दाबा. पुन्हा दोन श्वास. पुन्हा ३० दाब. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. श्वास परत आला, तर कुशीवर वळवा. माणूस शुद्धीवर आला, चालू लागला, तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

पहिले सहा आठवडे

होडी विकत घ्यायची घाई करू नये. आधी जेथे शिक्षक व जाकिटे असतात अशा ठिकाणी तीन-चार वेळा भाड्याने घेऊन पाहावे.

पहिले दोन आठवडे एका वेळी वीस मिनिटे, त्यातली निम्मी विश्रांती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीस मिनिटे. पाचव्यापासून पंचेचाळीस. बोलता येईल इतकाच दम लागावा. वल्हे घट्ट आवळू नये, नाही तर तळहाताला फोड व मनगटाला ठणका. हात खांद्याच्या वर नेऊ नयेत. श्वास रोखू नये. प्रत्येकी एक लिटर पिण्याचे पाणी, शिट्टी आणि मोबाईल पाणी न जाणाऱ्या पिशवीत असावा. कुठून निघालो व केव्हा परतणार, हे काठावरच्या एका माणसाला सांगून जावे.

आता तात्या आणि वहिनींचे काय झाले, ते सांगून थांबतो. दोन हिवाळे झाले. तात्यांचे वजन ८१ वर आले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी ८.९ होती, ती ७.६ झाली. एक गोळी कमी झाली, दुसरी चालू आहे. वहिनींच्या गुडघ्याची झीज भरून आलेली नाही, येणारही नाही, पण जिना चढताना त्यांना आता कठडा लागत नाही. उन्हाळा-पावसाळ्यात होडी गोठ्याच्या पत्र्याखाली टांगलेली असते. तेव्हा दोघे आठवड्यातून तीनदा पोहायला जातात.

गेल्या महिन्यात तपासणीला आले, तेव्हा मी सवयीने तात्यांना विचारले, "गोळी वेळेवर घेता ना?" उत्तर वहिनींनी दिले, "ते मी आता विचारत नाही. बोलायला दुसरं बरंच असतं."